नातलगाच्या घरी आलेले मूल

आपल्या वस्तीत आई-वडील गेलेले मूल सहसा उघड्यावर राहत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होण्याआधीच आजी, मामा, आत्या, कुणीतरी त्याला जवळ घेते. ओतूरच्या परिसरात तर एकाच मुलाची दोन-तीन घरे असतात. आजी गावात, काका कल्याणला किंवा मुंबईला कामाला, मामा आळेफाट्याकडे. मग बैठकीत ठरते, मोठा काकाकडे राहील, धाकटी आजीकडे. शाळा इथे, सुट्टी तिथे. पुढच्या वर्षी काकांची अडचण निघाली की मोठा मामाकडे. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. प्रत्येक घर आपापल्या परीने भार उचलत असते. पण या वाटणीचा मुलाच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो, हे आपण क्वचितच बसून पाहतो. या महिन्याच्या आरोग्य पानावर तेच पाहू.

आई-वडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला दुसऱ्या कुटुंबात, दत्तक न देता, वाढवणे याला सरकारी भाषेत फोस्टर केअर म्हणतात. दत्तकात मूल कायद्याने त्या घरचे होते. फोस्टर केअरमध्ये ते होत नाही. आई-वडील असतील तर त्यांचे नाते तुटत नाही, ते सावरले तर मूल परत जाऊ शकते. आपली आजी नातवाला सांभाळते तेव्हा ती हेच काम करत असते. फक्त तिच्याजवळ त्याचा कागद नसतो. कागदाकडे पुढे येऊ.

मुलाला घर मिळाले की न मिळाले याने किती फरक पडतो, याचा जगातला सर्वात काटेकोर अभ्यास रुमानिया देशात झाला. तिथली हुकूमशाही 1989 मध्ये कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत होती. खाणे, कपडे, अंथरूण मिळे. पण एकेका बाईकडे इतकी मुले की रडणाऱ्या बाळाला उचलून घ्यायला कुणी नसे. बुखारेस्ट शहरातल्या अशा बालगृहांमधली 136 मुले संशोधकांनी निवडली. वय सहा महिने ते अडीच वर्षे. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले प्रशिक्षण दिलेल्या कुटुंबांकडे सोपवली, निम्मी होती तिथेच राहिली. (चिठ्ठ्यांनी मुलाचे नशीब ठरवणे वाचताना बोचते. त्या वेळी तिथे सरकारी फोस्टर कुटुंबे जवळजवळ नव्हतीच, आणि मागे राहिलेल्या कुणाला घर मिळाले तर अडवायचे नाही असे ठरले होते. तरीही बोचते.)

साडेचार वर्षांच्या वयाला बुद्धीची चाचणी घेतली. बालगृहात राहिलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक 73 होता, कुटुंबात गेलेल्यांचा 81, आणि पहिल्यापासून आपल्याच घरी वाढलेल्या शेजारच्या मुलांचा 109. कुटुंबात गेलेल्या मुलांची उंची आणि वजन पहिल्या वर्षभरातच झपाट्याने वाढले. बालगृहातही पोटभर अन्न होते, हे लक्षात घ्या. फरक पडला तो रोज तोच चेहरा, तोच हात मिळण्याने. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वाधिक फायदा झाला.

या अभ्यासातला पुढचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. ही मुले बारा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. पहिल्या ज्या कुटुंबात गेली तिथेच टिकलेली मुले मनाने बरीच सावरलेली होती. ज्यांना एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागले, त्यांच्यात हा फायदा खूपच कमी दिसला. म्हणजे नुसते घर मिळून भागत नाही, ते घर टिकावेही लागते.

अमेरिकेत 1,309 मुलांच्या एका अभ्यासात नातेवाईक आणि परके यांची तुलना केली. तीन वर्षांनंतर वागणुकीच्या गंभीर अडचणी असण्याची शक्यता किती, हे मोजले. सुरुवातीपासून नातलगांकडे राहिलेल्या मुलांत ती 32 टक्के, आधी परक्या घरी आणि नंतर नातलगांकडे आलेल्यांत 39 टक्के, आणि शेवटपर्यंत परक्या घरी राहिलेल्यांत 46 टक्के निघाली. आपल्या आज्या-आत्या जे करत आल्या आहेत त्याला ही आकड्यांची साक्ष आहे. मात्र तिथेही हेच दिसते की नातलग सांभाळकर्ते बहुतेक वयस्कर आणि गरीब असतात, आणि सरकारी मदत त्यांना परक्या फोस्टर कुटुंबांपेक्षा कमी मिळते. आपल्याकडचे चित्र वेगळे नाही.

आपल्या परंपरेतही या गोष्टीला मोठा मान आहे. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला वाढवले. मृत्यूशय्येवरच्या महामायेने मूल गौतमीच्या हाती सोपवल्याचा प्रसंग बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये दिला आहे. जोतीराव फुले यांची आई ते तान्हे असतानाच गेली; त्यांना सगुणाबाई क्षीरसागर यांनी सांभाळले. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या, तेव्हा आत्या मीराबाईने घर आणि मुले हाती घेतली. तिघांच्याही बाबतीत सांभाळणारी बाई एक होती आणि ती टिकून राहिली. महामायेच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडे अपशकुनी समजून कुणी करत नाही. आजारी आईने स्वतः जिवंत असताना, शुद्धीवर असताना, मूल कुणाकडे राहील हे सांगून ठेवले. टीबी, कॅन्सर, मूत्रपिंडाचा आजार, दारूने खराब झालेले यकृत, अशा आजारात घरात आई किंवा बाप अंथरुणाला खिळला असेल, तर हा विषय काढायला लाजू नका. मुलालाही त्या माणसाची सवय आधीपासून होते.

मूल घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत

पहिले काम, मुलाचे माता व बाल संरक्षण कार्ड शोधा. धावपळीत ते जुन्या घरी पत्र्याच्या पेटीत राहते. मिळाले नाही तर ज्या गावी लस दिली तिथल्या आरोग्य सेविकेच्या नोंदीतून माहिती मिळू शकते. तीही नसेल तर ओतूरच्या सरकारी दवाखान्यात सांगा, राहिलेल्या लसी वयानुसार देता येतात. सर्वात जास्त चुकतात त्या दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, आणि पाच ते सहा वर्षांचा बूस्टर. घर बदलण्याच्या गडबडीत नेमके हेच वय असते. मोठ्या मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते.

दुसरे, वजन आणि दंडाचा घेर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडी ताई पट्टीने मोजतात. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. आईच्या आजारपणात शेवटचे काही महिने मुलाच्या खाण्याकडे कुणाचे लक्ष नसते, म्हणून हे मूल बारीक असणे साहजिक आहे. पण “दुःखाने वाळले आहे, भरेल हळूहळू” म्हणून थांबू नका. आलेल्या आठवड्यातच अंगणवाडीत नाव घाला. नाव दुसऱ्या गावी असेल तर ताईंना तसे सांगा. तिथून कमी करून इथे घेता येते.

तिसरे, आई-वडील कशाने गेले हे दवाखान्यात स्पष्ट सांगा. टीबीने गेले असतील तर मुलाचीही तपासणी झालीच पाहिजे. खोकला नसला तरी. पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नाही अशी खात्री झाल्यावर टीबी होऊ नये म्हणून मोफत औषध देतात, आणि ते मध्येच सोडायचे नसते. एचआयव्हीची शंका असेल तर तपासणी मोफत आहे, औषधेही मोफत आहेत, आणि 2017 च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. शाळेला, शेजाऱ्यांना, महिला मंडळालाही सांगण्याची गरज नाही. वेळेवर औषध सुरू झालेले मूल शाळा, कॉलेज, नोकरी सगळे करू शकते. भीतीपोटी तपासणी टाळली तर मात्र पुढे सगळेच अवघड होते.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी बाल स्वास्थ्य पथक तपासणीला येते. नवे आलेले मूल त्या यादीत सुटू देऊ नका. कान, डोळे, हृदयाचा दोष, बोलण्यातली उशीर अशा गोष्टी तिथे सापडतात आणि पुढचे उपचार मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा पुण्यात करून घेता येतात.

मन कसे बोलते

मूल रडले नाही म्हणजे त्याला समजले नाही असे नसते. पाच-सात वर्षांचे मूल दुःख शरीरातून सांगते. सोडलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. शाळेच्या वेळेला पोट दुखते. भाकरीचा तुकडा दप्तरात किंवा उशीखाली लपवून ठेवते. आजी कांद्याच्या लागणीला निघाली की पदर सोडत नाही, कारण मागच्या वेळी “येते हं” म्हणून गेलेले माणूस आलेच नव्हते. भाकरी लपवणाऱ्याला चोर म्हणू नका; एका डब्यात चार बिस्किटे घालून डबा त्याच्या ताब्यात द्या, काही आठवड्यांत लपवणे आपोआप कमी होते. ओल्या अंथरुणासाठी चारचौघांत हिणवू नका. कामाला निघताना पळून न जाता सांगून जा, आणि सांगितलेल्या वेळी या.

काही मुले उलट फार शहाणी होतात. मागत नाहीत, भांडत नाहीत, सांगितलेले काम झटक्यात करतात. घरातले कौतुक करतात. मला या मुलांची जास्त काळजी वाटते. बरेचदा त्यांना वाटत असते की आपण त्रास दिला तर इथूनही पाठवतील. अशा मुलाने काही महिन्यांनी पहिल्यांदा हट्ट केला, तर ती बिघडण्याची नाही, घर आपले वाटू लागल्याची खूण असू शकते.

आणि खरे सांगा. “आई मुंबईला गेली आहे, दिवाळीला येईल” असे सांगितलेले मूल प्रत्येक एसटीकडे बघत राहते. लहान शब्दांत सांगता येते: आई खूप आजारी होती, ती वारली, ती परत येणार नाही, ती तुझ्यामुळे गेली नाही, आणि तू आता माझ्याजवळ राहणार. शेवटचे दोन भाग पुन्हा पुन्हा सांगावे लागतात. आईचा फोटो भिंतीवर असू द्या.

मूल कित्येक आठवडे नीट जेवत नसेल, झोपत नसेल, बोलणेच बंद झाले असेल किंवा मरणाच्या गोष्टी करत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. 14416 या टेलिमानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. एखाद्या ठराविक माणसाजवळ जायला मूल घाबरत असेल, तर ते नखरे समजू नका. नातलगाचे घर सुरक्षित असतेच असे नाही. लैंगिक त्रासाची शंका आली तर 1098 वर फोन करा आणि मुलाला त्या माणसापासून आधी दूर ठेवा. अशा वेळी घर बदलणे हाच उपचार असतो. इतर कारणांनी हलवायचेच असेल तर ते एकदाच, मुलाला आधी सांगून, शाळेचे वर्ष संपल्यावर, त्याच्या वस्तूंसह. भावंडांना वेगळे करणे टाळा. ते शक्यच नसेल तर ती निदान एका गावात राहतील असे पाहा.

कागद का हवा

नातलगाकडचे मूल पुन्हा पुन्हा हलते याचे एक मोठे कारण पैसा आहे. मजुरीवर चालणाऱ्या घरात एक तोंड वाढले की दोन-तीन वर्षांत ओढाताण सुरू होते. त्यासाठी राज्यात बालसंगोपन योजना आहे, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1874 मध्ये एका विधवेचे मूल दत्तक घेतले, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. योजनेला हे नाव शोभते. तिच्यातून मुलासाठी महिन्याला 2,250 रुपये, अठरा वर्षांपर्यंत मिळतात. अनाथ मुले, एकच पालक असलेली, पालक तुरुंगात किंवा गंभीर आजारात असलेली मुले यात बसतात. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला 4,000 रुपये आहेत. त्यासाठी ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72,000 रुपयांच्या आत लागते. आपले मूल कशात बसते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात सांगतात. मंजुरी बाल कल्याण समितीच्या आदेशाने होते.

ओतूरहून पुणे शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, एका खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कागद इथेच पूर्ण करून निघा: मुलाचा जन्मदाखला, आई-वडिलांचे मृत्यू दाखले, मुलाचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. मृत्यू मुंबईत झाला असेल तर दाखला तिथल्या महापालिकेतून काढावा लागतो, त्यालाच सर्वात वेळ लागतो. गावात सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती असते. ती कागदावरच असेल तर महिला मंडळाने तिची बैठक मागावी. अर्जानंतर घरी चौकशीला माणूस येतो, त्याला घाबरू नका. घर गरीब आहे म्हणून मूल काढून नेत नाहीत. हप्ते मात्र उशिरा येतात, कधी अनेक महिने रखडतात. त्या भरवशावर उसनवारी करू नका.

पैशापेक्षाही आदेशाचा एक उपयोग मोठा आहे. मूल कुणाच्या ताब्यात आहे हे त्यात लिहिलेले असते. शाळेत, दवाखान्यात, ऑपरेशनच्या सहीला, आणि उद्या कुणी भरपाईच्या पैशासाठी मुलावर हक्क सांगायला आला, तर आजीच्या हातात काहीतरी असते.

नातलगच नसतील तेव्हा

मूल परस्पर कुणाला देऊ नका. “आमच्याकडे राहील, शिकेल, थोडे काम करील” असे म्हणणारे येतात. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखायला नगर जिल्ह्यात नेल्याचे उघड झाले, ते त्यांच्यातली एक लहान मुलगी दगावल्यावर. तान्हे बाळ मूल नसलेल्या जोडप्याला परस्पर देणे हेही कायद्याबाहेरचे आहे, हेतू कितीही चांगला असो. अशा मुलाची माहिती 1098 वर किंवा बाल कल्याण समितीला द्या.

समिती त्याला काही काळासाठी किंवा दीर्घ काळासाठी नात्यात नसलेल्या कुटुंबाकडे देऊ शकते. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 44 त्यासाठीच आहे. अशा कुटुंबालाही महिन्याला 4,000 रुपये मिळतात आणि समितीने त्याची नियमित पाहणी करायची असते. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकट्या राहणाऱ्या व्यक्तीलाही असे मूल सांभाळता येते, आणि दोन वर्षे सांभाळल्यावर दत्तकासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. आपल्या वस्तीतल्या शिक्षिका, परिचारिका, निवृत्त झालेली जोडपी यांनी यासाठी नाव द्यायला हरकत नाही. परिचित गल्ली, परिचित विहार, तीच शाळा मिळाली तर मुलाचे निम्मे तरी काही सुटत नाही.

राहता राहिली आजी. पासष्ट वर्षांची बाई सहा वर्षांच्या मुलाला घेते तेव्हा तिला आणखी बारा वर्षे चालायचे असते. तिचा रक्तदाब आणि साखर तपासणे हा मुलाच्याच आरोग्याचा भाग आहे. गोळ्या संपल्या म्हणून आठ दिवस बंद, हे चालणार नाही; सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. तिच्यामागे मूल कुणाकडे, हे आत्ताच ठरवा, आणि त्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी घरी यावे, मुलाला शाळेत सोडावे, आजारपणात दवाखान्यात न्यावे. त्याचे नाव समितीच्या अर्जातही सांगून ठेवा.